केशवाय नमः म्हणजे पाणी

मंत्राच्या सामर्थ्याने अशक्य ते शक्य होतं, हे आपल्या घराने स्वतः अनुभवलेलं आहे. केशवाय नमः म्हटलं की पाणी मिळायचं. नारायणाय नमः म्हटलं की आणखी पाणी. माधवाय नमः म्हणजे पुरे. आणि गोविंदाय नमः ऐकू आलं की हातातलं काम टाकून मंदारला बाथरूमकडे न्यायचं, कारण त्यानंतर फारसा वेळ नसायचा.

तुम्ही होतात तोवर हे गल्लीबाहेर कुणाला सांगायची मुभा नव्हती. "घरातलं घरात राहू दे," म्हणायचात. आता सांगते. शोकसभेत तुमच्याबद्दल जे सांगितलं गेलं, त्यापेक्षा हे बरंच खरं आहे.

शोकसभा झाली, अहो. व्यवस्थित झाली. चौकात फ्लेक्सही लागला. त्यावर तुमचा फोटो आहे, तुमच्यापेक्षा मोठे फोटो श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे आहेत, आणि 'भावपूर्ण'मधला 'पू' ऱ्हस्व आहे. तुम्ही असतात तर शिडी मागवली असती. वक्त्यांनी तुम्हाला वेदमूर्ती म्हटलं, ज्ञानाचा सागर म्हटलं. एकाने तर सांगितलं, की गुरुजींनी वेदांच्या बळावर पोटच्या पोराला मृत्यूच्या दाढेतून ओढून आणलं. मी पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मंदारला मृत्यूच्या दाढेतून अमरावतीच्या एका सर्जनने बाहेर काढलं, आणि त्या रात्री तुम्ही वेद म्हणत नव्हता, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून माझ्या पदराचं टोक धरून होतात. पण सभेत मध्येच उठून दुरुस्ती करायची पद्धत नाही.

मंदार नोकरीवरून मोटरसायकलने अकोल्याला घरी येत होता आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे रोही आडवा आला. नीलगायच ती, उठून शेतात निघून गेली. मंदारच्या डोक्याची डावी बाजू रस्त्यावर आपटली. डॉक्टरांनी आपल्याला फोटो दाखवून समजावलं, की बोलणं जिथून येतं तो भाग दुखावलाय. त्याला समजेल बऱ्यापैकी. उजवा हात-पाय हळूहळू येतील. बोलण्याचं काही सांगता येत नाही. तुम्ही विचारलं, "म्हणजे किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "दिवसांत नका मोजू." त्यांचा हा एक सल्ला आपण पाळला.

मग अमरावतीला माझ्या भावाकडे मुक्काम, आणि स्पीच थेरपीच्या त्या हिरव्या खोलीत शाहीन मॅडमसमोर रोजची हजेरी. मॅडम म्हणायचो आपण, पण मंदारहून लहानच असेल ती. चित्रं दाखवायची, चमचा, कुत्रा, छत्री. मंदार चित्राकडे बघायचा, ओठ हलवायचा आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी एकदा ती म्हणाली, "आंटी, याचं लहानपणी तोंडपाठ काय होतं? पाढे, गाणं, काही पण. जे घोटलेलं असते ना, ते दुसऱ्या रस्त्यानं येते."

मी म्हणाले, "पाढे." तुम्ही म्हणालात, "संध्या."

"मंग तेच म्हणा काका. मले नाही समजत त्यातलं, पण तुमी म्हणा."

तुम्ही घुटमळलात. आंघोळ सकाळचीच, पायात चपला, खुर्ची प्लास्टिकची, आणि समोर पाण्याची बाटली. शास्त्राला मान्य असं त्या खोलीत काहीही नव्हतं. मग तुम्ही बाटलीच्या टोपणात पाणी घेतलंत आणि म्हणालात, केशवाय नमः. मंदारचे ओठ हलले. नारायणाय नमः तो तुमच्याबरोबर म्हणाला. माधवाय नमः तुमच्या आधी म्हणाला. स्वच्छ, ठणठणीत, विसर्गासकट. तुम्ही रडलात. मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर गंजलेला एक कूलर पडला होता, तो मला अजून जाळीच्या भोकांपर्यंत आठवतो.

शाहीन तेव्हा जे बोलली त्यावर आपण पुढे सगळी वर्षं भांडलो. ती म्हणाली, "हे बोलणं नाही आंटी, हे पाठांतर आहे. पण दरवाजा आहे." तुम्ही फक्त दुसरं वाक्य ऐकलंत. मी फक्त पहिलं.

तुमचं म्हणणं, मंत्र आत उतरला की बाकीचं आपोआप मागे येतं. माझं म्हणणं, हे सगळे दुसऱ्यांचे शब्द आहेत, हजारो वर्षं वापरून गुळगुळीत झालेले, आणि मला माझ्या मुलाचं स्वतःचं एक वाक्य हवंय. कुणी काय केलं, एवढं सांगणारं. कर्ता आणि क्रियापद. कर्म नसलं तरी चालेल.

"तू लायब्ररीवाली," तुम्ही म्हणायचात. "तुले पुस्तक उघडल्याबरोबर शेवटचं पान पायजे."

"आणि तुम्हाला पहिलंच पान पुन्हा पुन्हा."

"त्यालेच तं पाठांतर म्हणतात."

अकोल्याला परतल्यावर एका दुपारी मंदार माठाकडे बघून म्हणाला, "केशवाय नमः." मला आधी समजलं नाही. मग तो पुन्हा म्हणाला आणि ओंजळीसारखा डावा हात पुढे केला. आचमनाला केशवाय म्हणून पळीभर पाणी पितात, म्हणजे ज्याला पाणी हवं त्याने केशवाय म्हणावं. यात त्याचं काय चुकलं? तुमचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. "अरे, आचमन आहे ते, नळ नाही!" मग थोडं थांबून म्हणालात, "हे पाय, तहानलेल्याले पाणी द्यायचं काम केशवाचंच आहे. बरोबर आहे त्याचं." गोविंदायला मात्र तुम्हाला जास्त वेळ लागला. त्या नावाला पाणी पीत नाहीत, ताम्हनात सोडतात. मंदारने त्याचा अर्थ आपल्या गरजेप्रमाणे लावला होता. तुम्ही दोन ग्रंथ काढून बसलात, काही सापडलं नाही, आणि शेवटी जाहीर केलंत, "सोडणं ते सोडणंच."

पंधरा दिवसांत आपली गल्ली ही भाषा शिकली. फिजिओथेरपीला नेणारे रिक्षावाले सलीमभाई सर्वांत आधी. मोर्णेच्या पुलावर गर्दीत रिक्षा अडकायची आणि ते मान वळवून विचारायचे, "भाभी, केशवाय म्हणला का गोविंदाय? गोविंदाय असंल तं बाजूले घेतो." त्यांचा उच्चार प्रकाशपेक्षा चांगला आहे असं तुम्ही स्वतः म्हणाला होतात. प्रकाश तुमच्याकडे दहा वर्षं शिकलाय. त्याला हे कळवू नये असंही म्हणाला होतात.

मग तुम्ही मंदारला यजमानांकडे पूजेला बरोबर न्यायला लागलात. माझा विरोध होता. प्रदर्शन कशाला? तुम्ही म्हणालात, "घरात बसून त्याले माणसं कुठं दिसतात?" ते बरोबर होतं, आणि मी ते तेव्हा कबूल केलं नाही, कारण तुम्ही बरोबर असलात की फार वेळ बरोबर राहायचात. वकीलसाहेबांच्या घरची सत्यनारायणाची पूजा आठवते का? सोवळं नेसून, घाम पुसत वकीलसाहेब पाटावर बसलेले. तुम्ही सांगितलंत, म्हणा गोविंदाय नमः. ते खणखणीत आवाजात म्हणाले. आणि मंदार ताबडतोब उठला, त्यांच्या काखेत डावा हात घातला आणि त्यांना बाथरूमकडे न्यायला लागला. काय ती तत्परता! वकीलसाहेबांना वाटलं हा पूजेचाच भाग आहे, ते मुकाट्याने निघाले. दारापर्यंत गेले. तुम्ही मागून ओरडलात, "मंद्या, त्यायले नाई लागली!" प्रसाद वाटेपर्यंत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

तुमच्या धंद्यावर मी जन्मभर तिरकं बोलले, पण एक गोष्ट लिहून ठेवते. मंदारसाठी लोकांनी काय काय सुचवलं! कुणी अंगारा, कुणी ताईत, कुणाचे कुठले महाराज नुसतं डोक्यावर हात ठेवतात आणि मुकी माणसं भाषण करतात. तुमचा धाकटा भाऊ विनायकभाऊजी तर गाडी ठरवून आले होते. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, "विन्या, मी स्वतः त्या धंद्यात आहे. मले कोन फसवंल?" गाडी परत गेली. मी तुमच्यावर इतकी खूश झाले होते की त्या दिवशी पुरण घातलं. कारण सांगितलं नाही. तुम्ही पंचांग उघडून बघितलंत, की आज कुठला सण राहून गेला.

सुटे शब्द येत गेले. चहा. लाइट. नको. फिजिओथेरपीचा मुलगा रोज म्हणायचा, हात वर करा, आणि एक दिवस मंदारने त्याला उलट कारण विचारलं, "काहून?" तुम्ही म्हणालात, आता उपनिषद सुरू झालं. पण वाक्य नाही. एक शब्द दुसऱ्याला जोडला जात नव्हता. शाहीन फोनवर म्हणायची, डबे आहेत पण इंजिन लागत नाही. एकदा संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसला होता, मी तांदूळ निवडत होते, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "नाई जमलं वाक्य तं नाई. पाणी तं मागते." एवढ्या वर्षांत तुम्ही तेवढं एकदाच हरलात. मी तांदूळ निवडत राहिले. आता वाटतं, काहीतरी म्हणायला हवं होतं, पण काय ते अजूनही सुचत नाही, त्यामुळे असो.

त्या शेवटच्या दुपारी जेवण झालं आणि तुम्ही खुर्चीत पंचांग उघडून बसलात, म्हणजे डोळे मिटलेत. मंदार समोरच्या खाटेवर रबराचा चेंडू दाबत होता. मी आत होते. त्याची हाक आली, "केशवाय नमः." मी ग्लास भरून आणला. त्याने घेतला नाही. पुन्हा म्हणाला, मोठ्याने, "केशवाय नमः," आणि तुमच्याकडे बघितलं. तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या कपाळावरून घाम गळत होता आणि हात छातीशी होता. तो पाणी तुमच्यासाठी मागत होता. त्याने ग्लास माझ्या हातातून घेतला, डाव्या हाताने, आणि तुमच्या ओठांना लावला. थोडं आत गेलं, बरंचसं पंचांगावर सांडलं. सलीमभाईंनी दवाखान्याकडे रिक्षा उलट्या दिशेने घातली. उपयोग झाला नाही.

विनायकभाऊजी आले ते एक प्रश्न घेऊनच. "वहिनी, शेवटी पोराच्या हातचं पाणी भेटलं ना दादाले?"

"भेटलं."

"उजव्या हातचं?"

"ज्या हातात ग्लास होता त्या हातचं."

संध्याकाळपर्यंत लोकांच्या बोलण्यात ते गंगाजल झालं होतं. अहो, नळाचं होतं. आपला नळ कधी येतो ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे ताजंही नव्हतं.

तुम्हाला अजून हलवलंही नव्हतं आणि भाऊजींनी दुसरा विषय काढला. विधी नीलेशने करावेत. नीलेश त्यांचा मुलगा, अमरावतीहून निघाला होता. "त्याची मुंज झालेली आहे, हात-पाय धड आहेत, म्हणणं जमते. मंदारले बिचाऱ्याले... वहिनी, राग नका मानू, पण त्याले समजून तरी राहिलं का काय झालं ते?"

मी म्हणाले, "समजो न समजो, बाप त्याचा आहे."

प्रकाश मध्ये पडला. "मंत्र मी म्हणतो काकू. तो नुसता नमः म्हणला तरी चालते." हे तुमचंच वाक्य होतं, आळशी यजमानांसाठी राखून ठेवलेलं. अग्नी मंदारने दिला. भाऊजींनीच त्याचा उजवा हात खालून धरला होता.

पण त्यांचा प्रश्न माझ्या घरात राहिला. त्याला समजलंय का? दुसऱ्या दिवशी सकाळी मंदारने रोजच्यासारखं ताम्हन मांडलं, पळी ठेवली, समोर तुमचा पाट मांडला आणि वाट बघत बसला. सुतकात संध्या नसते, पण हे त्याला कोण सांगणार आणि कुठल्या शब्दांत? बराच वेळ तो तसाच बसला, तेव्हा मी तुमच्या पाटावर बसले. मी! मी म्हणाले, केशवाय नमः, माधवाय नमः. त्याने मान हलवली आणि मला दुरुस्त केलं, "नारायणाय." तुमची शिकवणी वाया गेलेली नाही, एवढं कळलं. बाकीचं कळलं नाही.

मी शाहीनला फोन केला. तिने विचारलं, "तुमी त्याले काय सांगितलं?"

"बाबा गेले म्हणून सांगितलं."

"आंटी, गेले नका म्हणू. काका रोजच जायचे. गेले म्हणजे पूजेले गेले, येतीन. साफ शब्द वापरा."

साफ शब्द. आयुष्य पुस्तकांत काढलं, शब्दांची मला कमतरता नव्हती. घरात येणाऱ्यांनीही भरपूर आणले होते. भाऊजी म्हणत होते देवाघरी गेले. प्रकाश म्हणत होता शांत झाले. फ्लेक्सवर दुःखद निधन होतं, सभेत अनंतात विलीन होतं, कुणीतरी कैलासवासी म्हणालं. यातला एकही साफ नव्हता. जो साफ होता तो माझ्या जिभेपर्यंत यायचा आणि परत जायचा. त्या दिवसांत आपल्या घरात बोलण्याची अडचण एकट्या मंदारलाच होती असं नाही. शेवटी मी त्याच्यासमोर बसून म्हणाले, "बाबा आता येणार नाहीत." तो म्हणाला, "हो." पण तू कलेक्टर आहेस का विचारलं तरी तो हो म्हणतो.

दहाव्याला मोर्णेच्या काठावर गेलो. पाणी दिसत नव्हतं, वर सगळी जलकुंभी. मी घाटावर येऊ नये असं दोघातिघांनी सुचवलं, मी ऐकू न आल्यासारखं केलं. प्रकाशने सुरुवात केली. मंदार म्हणत गेला. केशवाय, नारायणाय, माधवाय. पाणी त्याच्या उजव्या तळव्यावर मी ओतत होते, कारण तो हात पुरता उघडत नाही. मग गोविंदाय नमः. प्रकाश थांबला. सगळेच थांबले, कारण आता सगळ्यांना ही भाषा येते. सलीमभाई लांब रिक्षाजवळ उभे होते, ते सवयीने पुढे आले. मंदारने डावा हात वर करून त्यांना थांबवलं. तळहात तिरका केला, पाणी खाली सोडलं आणि जागेवर बसून राहिला. भाऊजी हळूच म्हणाले, "आज कसं काय?" मीही तेच विचारत होते. पण एका न उठण्यावरून माणसाला काय समजलं आणि काय नाही, हे ठरवायची माझी तयारी नव्हती. तुमची असती.

तेरावं झालं. पाहुणे गेले. घरात तुमचा मोबाइल तेवढा वाजत राहिला; बंद कसा करायचा ते मला माहीत आहे, करत नाही एवढंच. काल सकाळी मी मागे कपडे वाळत घालत होते, तो वाजला आणि कुणीतरी उचलला. घरात एकच जण होता.

"हॅलो," मंदार म्हणाला.

मी ओला टॉवेल हातात घेऊन दारात आले. पलीकडे शेंदूरजनाघाटचे ते संत्र्याचे बागायतदार होते, तुमचे जुने यजमान. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. नवं घर झालं, वास्तुशांत करायची, मुहूर्त हवाय, गुरुजींना फोन द्या.

"नाई," मंदार म्हणाला.

मग त्याचे ओठ नुसते हलायला लागले, हिरव्या खोलीत हलायचे तसे. कपाळाची शीर वर आली. मी पुढे होऊन फोन घेणार होते, घेतला नाही.

"बाबा," तो म्हणाला. आणि मग, "बाबा वारले."

कर्ता आणि क्रियापद. क्रियापद आदरार्थी बहुवचनात. आणि शब्द असा, की या सगळ्या दिवसांत आपल्या घरात तो कुणीही उच्चारला नव्हता. मी तर नाहीच. इतक्या लोकांनी आणलेल्या इतक्या शब्दांतून त्याने एकही घेतला नाही. स्वतः जाऊन वारले घेऊन आला. तुम्ही म्हणाल, बघ, दरवाजा उघडला. मी म्हणेन, बघा, पाठांतर नाही. हे भांडण आता मला दोन्ही बाजूंनी एकटीनेच करायचंय, आणि तुमची बाजू मी नीट मांडीन, काळजी नको.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. पलीकडचा माणूस काहीतरी हळू आवाजात बोलत होता, बराच वेळ. मंदार ऐकत होता. "हो," म्हणाला. पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. "हो," म्हणाला. मग थोडा विचार करून, "शुक्रवार." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्यांचा मला वेगळा फोन आला. गहिवरून बोलत होते. गुरुजी राहिले नाहीत, पण मुहूर्त गुरुजींच्या घरातूनच मिळाला, मुलाने त्यांची गादी सांभाळली, याहून मोठं समाधान काय असू शकतं, असं म्हणाले. मांडववाला ठरला होता, पाहुण्यांना निरोपही गेले होते.

शुक्रवारी अमावास्या आहे.